डोक्याला लावलेले औषध डोक्यापुरतेच राहते का?

अकरावी-बारावीच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. तो भर वर्गात नव्हे, तर तास संपल्यावर, एकटे गाठून विचारला जातो. "सर, केस फार गळतात. काय लावू?" या प्रश्नातला 'लावू' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. गोळी घ्यायची म्हटले की मुलगा आणि त्याचे पालक दोघेही बिचकतात. गोळी पोटात जाते, रक्तात जाते, तिचे दुष्परिणाम होतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. लावण्याचे औषध मात्र वरच्यावर राहते, ते निरुपद्रवी असते, अशी आपली पक्की समजूत असते. आपल्याकडे डोक्याला तेल लावण्याची पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे, त्यामुळे बाटलीतले कोणतेही द्रव आपल्याला तेलासारखेच वाटते.

ही समजूत कितपत खरी आहे? पुरुषांच्या टकलावर आज दोन औषधांचा उपयोग सिद्ध झालेला आहे, आणि ती दोन्ही गोळीच्या व लावण्याच्या अशा दोन्ही रूपांत वापरली जातात. त्यामुळे ही समजूत तपासून पाहणे सोपे जाते. त्याआधी केस कसा वाढतो व टक्कल का पडते, हे थोडक्यात पाहू.

केसाचे तीन ऋतू

आपल्याला दिसतो तो केस मृत असतो. जिवंत असते ते त्याचे मूळ, म्हणजे त्वचेत खोल बसलेली एक छोटी पिशवी. तिला केशपुटक म्हणतात. माणसाच्या डोक्यावर अशी साधारण एक लाख केशपुटके असतात. प्रत्येक केशपुटक आळीपाळीने तीन अवस्थांतून जाते. वाढीची अवस्था दोन ते सहा वर्षांची असते, व तेवढ्या काळात केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांची संक्रमणाची अवस्था येते आणि मग सुमारे तीन महिन्यांची विश्रांती. विश्रांती संपता संपता जुना केस गळतो व त्याच जागी नवा उगवू लागतो.

येथे एक सोपे गणित मांडता येईल. एका केसाचे पूर्ण चक्र सरासरी १००० दिवसांचे धरले, तर एक लाख केसांपैकी रोज १०० केस गळणे हे अगदी स्वाभाविक आहे. कंगव्यात ५०-६० केस दिसले म्हणून घाबरलेल्या मुलाला एवढा हिशोब पुष्कळदा पुरेसा होतो.

केस गळण्याची सगळी कारणेही सारखी नसतात. टायफॉइड, डेंग्यू यांसारख्या मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस गळतात, कारण तापाच्या धक्क्याने पुष्कळ केशपुटके एकदम विश्रांतीला गेलेली असतात. ते केस बहुधा आपोआप परत येतात. रुपयाएवढी गोल जागा गुळगुळीत होते, ती 'चाई'. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच केशपुटकांवर हल्ला करते. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत स्त्रिया, पुरुष व मुले यांचे केस अवघ्या काही दिवसांत गेले. त्या प्रकरणात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमच्या जास्त प्रमाणाकडे बोट दाखवले होते. यांपैकी एकही प्रकार म्हणजे नेहमीचे पुरुषी टक्कल नव्हे, आणि पुढे सांगितलेली औषधे या प्रकारांसाठी नाहीत. म्हणून 'काय लावू' याच्या आधी 'हे गळणे कोणत्या जातीचे आहे' हा प्रश्न येतो, व त्याचे उत्तर त्वचारोगतज्ज्ञच देऊ शकतो.

टक्कल का पडते?

पुरुषी टकलाची एक ठरलेली वाट असते. कपाळाचे दोन कोपरे मागे सरकतात, माथ्यावर विरळपणा येतो, पण कानांच्या वरचे व मानेजवळचे केस शेवटपर्यंत टिकतात. असे का व्हावे?

अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली याबाबत महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. वयात येण्यापूर्वीच ज्यांची वृषणे निकामी झाली होती किंवा काढली गेली होती, अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिले, की ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागत. ज्यांच्या घराण्यात ते नव्हते, त्यांचे केस मात्र शाबूत राहत. म्हणजे टकलाला दोन गोष्टी लागतात, संप्रेरक आणि आनुवंशिकता. ही आनुवंशिकता केवळ आईच्या वडिलांकडून येते, असे पुष्कळदा सांगितले जाते. त्यात थोडे तथ्य आहे, कारण संबंधित एक महत्त्वाचे जनुक क्ष-गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते गुणसूत्र आईकडून मिळते. पण इतर अनेक जनुकांचाही यात हात असतो व ती दोन्हीकडून येतात.

टेस्टोस्टेरॉन स्वतः मुख्य आरोपी नाही. '५-अल्फा-रिडक्टेज' नावाचे एक विकर (ज्याला आपण एन्झाइम म्हणतो) टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनवते. या लांबलचक नावाऐवजी आपण 'डीएचटी' म्हणू. आनुवंशिकतेने संवेदनशील असलेल्या केशपुटकांवर डीएचटीचा परिणाम होऊन त्यांची वाढीची अवस्था आखूड होत जाते. प्रत्येक चक्राला केस आधीपेक्षा बारीक व छोटा येतो, आणि शेवटी नुसती लव उरते. म्हणजे टक्कल पडते ते केस 'गळून' नव्हे, तर केशपुटके लहान होत जाऊन.

गंमत अशी, की हेच डीएचटी दाढीचे केस वाढवते! फरक संप्रेरकात नाही, तो केशपुटकाच्या स्वभावात आहे. नॉर्मन ओरेंट्राइख या डॉक्टरांनी १९५९ साली दाखवून दिले, की डोक्याच्या मागच्या भागातील केस मुळासकट काढून टकलावर रोवले, तर नव्या जागीही ते टिकून राहतात. केसरोपणाची शस्त्रक्रिया याच तत्त्वावर उभी आहे.

यातूनच लावण्याच्या औषधाची कल्पना सुचते. दोष जर डोक्याच्या कातडीतील काही हजार केशपुटकांमध्ये आहे, तर त्यासाठी औषध साऱ्या शरीरातून कशाला फिरवायचे? ते थेट तेथेच का पोहोचवू नये?

रक्तदाबाच्या गोळीतून निघालेले औषध

पहिले औषध मिनॉक्सिडिल. त्याचा शोध केसांसाठी लागलेला नाही. अमेरिकेतील अपजॉन कंपनीने ते तीव्र रक्तदाबासाठी तयार केले. रक्तवाहिन्या सैल करणारी ही गोळी १९७९ साली तेथे बाजारात आली. तत्पूर्वीच, चाचण्या चालू असताना, डॉक्टरांच्या लक्षात आले होते की गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढत आहेत. गिंटर कान व पॉल ग्रँट या दोन डॉक्टरांनी औषधाचे द्रावण करून ते स्वतःच्या हातावर लावून पाहिले, आणि लावलेल्या जागी केस आले. पुढे मिनॉक्सिडिलच्या २ टक्के द्रावणाला १९८८ साली अमेरिकेत टकलासाठी मान्यता मिळाली, व १९९७ साली ५ टक्क्यांचे द्रावण आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ४८ आठवडे चाललेल्या एका चाचणीत ५ टक्क्यांच्या द्रावणाने २ टक्क्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त केस उगवले.

मिनॉक्सिडिल डीएचटीला हात लावत नाही. ते विश्रांतीत गेलेल्या केशपुटकांना वाढीच्या अवस्थेत ढकलते व ती अवस्था लांबवते. त्यामुळे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत उलट जास्तच केस गळतात. विश्रांतीतले जुने केस नव्यांना जागा करून देत असतात. हे माहीत नसलेले कित्येक जण नेमके याच वेळी औषध सोडून देतात. दुसरी गोष्ट अशी, की मिनॉक्सिडिल स्वतः काम करत नाही. केशपुटकातील एक विकर त्याचे मिनॉक्सिडिल सल्फेटमध्ये रूपांतर करते, तेव्हा ते कामाला लागते. ज्यांच्या केशपुटकांत हे विकर कमी असते, त्यांना औषधाचा फारसा उपयोग होत नाही. एकाच बाटलीने एकाला गुण येतो व दुसऱ्याला येत नाही, याचे हे एक कारण आहे.

त्वचा: भिंत की चाळणी?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत पेशींचा थर अवघा १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा, अशी त्याची रचना असते. हा थर पाणी, जंतू व मोठे रेणू यांना अडवतो. लहान व काहीसे स्निग्ध रेणू मात्र गिलाव्यातून वाट काढतात. ढोबळ नियम असा, की ज्याचा रेणुभार ५०० पेक्षा जास्त, त्याचे त्वचेतून आत जाणे कठीण. मिनॉक्सिडिलचा रेणुभार सुमारे २०९ आहे व फिनॅस्टेराइडचा ३७२. ड्युटॅस्टेराइड या आणखी एका औषधाचा आहे ५२८. पहिली दोन औषधे द्रावणाच्या रूपात का चालली आणि तिसऱ्याला का अडचण येते, याचा काहीसा उलगडा या आकड्यांवरून होतो. केशपुटकाच्या तोंडातूनही औषधाला आत जाण्याची वाट मिळते.

पण जी वाट केशपुटकापर्यंत जाते, ती तेथेच संपत नाही. केशपुटकाभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. तेथे पोहोचलेल्या औषधाचा काही भाग रक्तात जाणारच. किती जातो, हे फळ्यावर मांडून पाहू.

५ टक्के द्रावण म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम औषध. दिवसातून दोनदा १ मिलिलिटर लावले, की डोक्यावर १०० मिलिग्रॅम मिनॉक्सिडिल पडते. निरोगी त्वचेतून त्यापैकी सरासरी १.४ टक्के रक्तात जाते असे आढळले आहे. म्हणजे रोज सुमारे १.४ मिलिग्रॅम. रक्तदाबासाठी प्रौढांना रोज १० ते ४० मिलिग्रॅम देतात, त्या मानाने हे फारच थोडे आहे. पण अलीकडच्या वर्षांत काही त्वचारोगतज्ज्ञ केसांसाठी मिनॉक्सिडिलची गोळीही अल्प मात्रेत, बहुधा ५ मिलिग्रॅमपर्यंत, देऊ लागले आहेत. पोटात गेलेल्या गोळीतील ९० टक्के औषध रक्तात जाते. २.५ मिलिग्रॅमची गोळी घेतली तर रक्तात सुमारे २.२५ मिलिग्रॅम जाईल. लावलेल्या औषधाचे १.४ आणि गोळीचे २.२५! या दोन आकड्यांत फरक आहे, पण तो 'शून्य आणि सर्व' असा नाही.

टाळूवर जखम, खरूज वा उन्हाने भाजलेली त्वचा असेल, किंवा लवकर गुण यावा म्हणून कोणी दुप्पट द्रावण ओतले, तर हा १.४ चा आकडा वाढतो. अशा वेळी छातीत धडधड, चक्कर, पायावर सूज अशी रक्तदाबाच्या औषधाची लक्षणे दिसू शकतात. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे द्रावण वापरू नये, याचे कारण हेच. लहान शरीराला तर थोडेही औषध पुष्कळ होते. स्पेनमध्ये २०१९ साली पोटाच्या औषधाऐवजी चुकून मिनॉक्सिडिल दिले गेलेल्या तान्ह्या बाळांच्या अंगावर लव वाढली होती. नंतर घरातील माणसाने डोक्याला लावलेल्या औषधाच्या संपर्कामुळेही बाळांना असे झाल्याचे तेथे आढळले. मांजरांना तर या द्रावणाचे थोडे थेंब चाटूनही जिवावर बेतते.

फिनॅस्टेराइड: थोड्यात पुष्कळ

दुसऱ्या औषधाची कथा डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातील एका खेड्यात सुरू होते. तेथील काही कुटुंबांत ५-अल्फा-रिडक्टेज हे विकर जन्मतःच कमी असलेले पुरुष होते. ज्युलियन इंपेराटो-मॅकगिन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत असे, दाढी विरळ असे आणि कपाळावरचे केस मागे हटत नसत. या विकराला रोखणारे औषध मर्क कंपनीने बनवले, तेच फिनॅस्टेराइड. अमेरिकेत १९९२ साली त्याची ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटच्या वाढीसाठी आली, आणि १९९७ साली १ मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी.

ही गोळी बहुसंख्य पुरुषांना सोसते. थोड्या जणांत मात्र लैंगिक इच्छा कमी होणे, उदासीनता असे परिणाम होतात. युरोपच्या औषध नियंत्रकांनी मे २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हाही या गोळ्यांचा एक दुष्परिणाम असल्याचे नमूद केले. त्यामुळे हेच औषध लावता आले तर, हा विचार स्वाभाविक होता. युरोपात फिनॅस्टेराइडचा फवारा तयार झाला. त्याची मोठी चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. २४ आठवड्यांनंतर टाळूच्या एक चौरस सेंटिमीटर जागेत फवारा मारणाऱ्यांचे सरासरी सुमारे २० केस वाढले, औषध नसलेला फवारा मारणाऱ्यांचे सुमारे ७. गोळीचा परिणाम फवाऱ्याच्या जवळपासच होता. फवारा वापरणाऱ्यांच्या रक्तातील औषधाचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत शंभरपटींहून कमी होते.

येथे थांबलो तर वाटेल, प्रश्न सुटला. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा पाहा. रक्तातील डीएचटी गोळीने सुमारे ५६ टक्क्यांनी घटले आणि फवाऱ्याने सुमारे ३५ टक्क्यांनी. औषध शंभरपटीने कमी, मग परिणाम शंभरपटीने कमी का नाही?

याचे उत्तर विकराच्या वागण्यात आहे. फिनॅस्टेराइड या विकराला इतके घट्ट चिकटते, की सुटायला आठवडे लागतात. त्यामुळे रोज थोडे थोडे औषध आले तरी विकराचा पुष्कळ भाग अडकून पडतो. गोळ्यांवरील १९९९ सालच्या एका वेगळ्या अभ्यासात रोज ०.२ मिलिग्रॅम औषधाने रक्तातील डीएचटी सुमारे ६९ टक्क्यांनी घटले, १ मिलिग्रॅमने ७१ व ५ मिलिग्रॅमने ७२ टक्क्यांनी. मात्रा पंचवीसपट केली तरी परिणामात जेमतेम तीन टक्क्यांची भर! विद्यार्थ्यांना या तीन बिंदूंचा आलेख काढायला सांगावा. चढत जाऊन सपाट होणारी ही रेषा एकदा नजरेखालून गेली, की 'दुप्पट औषध, दुप्पट गुण' आणि 'थोडे औषध, शून्य दुष्परिणाम' हे दोन्ही समज एकाच वेळी गळून पडतात.

तेव्हा लावण्याच्या फिनॅस्टेराइडने शरीरावरचा भार कमी होतो, हे खरे. तो नाहीसा होतो, हे खरे नाही. आणि हे आकडे मोजूनमापून मारलेल्या फवाऱ्याचे आहेत, चार वेळा दाबला तरी डोक्यावर पडते ते अर्धा मिलिग्रॅमहून कमी. औषधालयात मिसळून तयार केलेल्या द्रावणांत हे प्रमाण काहीही असू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये अशा मिश्रणांबाबत इशारा दिला. २०१९ ते २०२४ या काळात त्यांच्याकडे दुष्परिणामांच्या ३२ तक्रारी आल्या होत्या. त्यांत नैराश्य, थकवा, निद्रानाश व लैंगिक तक्रारी होत्या, म्हणजे गोळीच्या बाबतीत ज्या ऐकू येतात त्याच. शिवाय हे औषध गर्भवती स्त्रीच्या त्वचेतून आत गेल्यास पुल्लिंगी गर्भाला धोका पोहोचू शकतो. घरात गर्भवती असेल तर औषध लावलेले हात, उशी, टॉवेल यांबाबत काळजी घ्यायला हवी. गोळीच्या बाबतीत हा प्रश्न कमी येतो, लावण्याच्या औषधाने तो वाढतो.

आणि तेलाचे काय?

खोबरेल तेलाला आपल्याकडे मान आहे, तो अगदीच अनाठायी नाही. मुंबईत झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की खोबरेल तेल केसाच्या आत शिरते व धुताना, विंचरताना होणारी केसातील प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफूल तेल व खनिज तेल यांना ते साधले नाही. पण हा फायदा बाहेर आलेल्या, मृत केसाचा आहे. केशपुटक डीएचटीने लहान होत असेल, तर केसाला चोपडलेले तेल ते थांबवू शकत नाही. माका, जास्वंद, कांद्याचा रस यांबाबत पुरुषी टकलावर उपयोग झाल्याचा भक्कम पुरावा नाही. रोझमेरी तेलाचा बोलबाला २०१५ सालच्या एका लहान चाचणीवर उभा आहे. त्यात त्याची तुलना २ टक्के मिनॉक्सिडिलशी केली होती, पण काहीच औषध न देता तुलनेसाठी ठेवलेला गट नव्हता.

येथे कायद्याची एक तरतूद विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. आपल्या देशातील औषधे नियमावली, १९४५ यांच्या परिशिष्ट 'जे' मध्ये अशा विकारांची यादी आहे, जे बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. त्या यादीत टक्कल आहे, आणि 'नवीन केस उगवणे' हेही आहे. ही यादी हातात घेऊन मुलांनी आठवडाभरातील जाहिराती तपासाव्यात. प्रत्येक जाहिरातीला तीन प्रश्न विचारावेत: तुलनेचा गट होता का? केस मोजले होते की नुसते फोटो काढले होते? किती महिने पाहिले? तीन महिन्यांच्या आत गुण दाखवणारे औषध केसाच्या चक्रापेक्षाही वेगवान आहे, असेच म्हणावे लागेल!

विद्यार्थ्याला काय सांगावे?

विचारणारा मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल, तर यांपैकी कोणतेही औषध त्याने परस्पर आणू नये. बाजारातील मिनॉक्सिडिलची बाटलीही प्रौढांसाठीच आहे. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून गळण्याचे कारण समजून घ्यावे. नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल, खाण्याची आबाळ होत असेल, तर उपाय वेगळेच असतात.

प्रौढ माणसाने औषध सुरू करायचे ठरवले, तर त्याला आधीच ठाऊक असावे, की गुण दिसायला निदान चार महिने लागतात, गुळगुळीत झालेल्या जागेवर फारशी आशा नसते, आणि औषध थांबवले की काही महिन्यांत मिळवलेले केस परत जातात. म्हणजे हा महिना-दोन महिन्यांचा इलाज नसून वर्षानुवर्षांचा खर्च आहे. टक्कल हा आजार नाही. त्याने आयुष्य कमी होत नाही. काहीही न लावणे हाही एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, आणि सतरा वर्षांच्या मुलाला तो कोणीतरी मोकळेपणाने सांगायला हवा.

आणि लावायचेच ठरले, तर बाटलीकडे औषध म्हणूनच पाहावे. मापाने घ्यावे, कोरड्या टाळूवर लावावे, हात धुवावेत, मुलाबाळांपासून व मांजरापासून दूर ठेवावे. त्वचा हे शरीराचे कुंपण आहे खरे, पण ज्या फटीतून औषध केसाच्या मुळापाशी पोहोचते, त्याच फटीतून ते थोडेफार पुढेही जाते. गोळी आणि द्रावण यांच्यातील निवड म्हणजे 'धोका की निर्धोक' अशी निवड नाही. किती औषध, कोठे आणि किती काळ, या हिशोबातून ती करायची असते.